नऊ नंबरच्या कार्डावर कोण?

इचिकावा,
१२ एप्रिल २०२५

ती. बाबा,

सुनेचं पत्र आलं म्हणून घाबरू नका. इकडे सगळं ठीक आहे. सत्यजित रोज तोयोसूच्या ऑफिसात जातो आणि दमून येतो. जुई चौथीत गेली. घरात फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही आईंना विचाराल. त्याचं असं आहे, की फोन आधी सत्यजितकडे असतो, मग जुईकडे, तिकडे आईंकडे, आणि आपल्या दोघांच्या हातात येईपर्यंत "बरं आहे ना? बरं, ठेवतो" एवढंच उरतं. लग्नाला तेरा वर्षं झाली, पण आपण दोघं सलग दोन मिनिटं बोललोय असं मला आठवत नाही. आणि मला तुम्हाला तुमच्या धंद्यातलं एक विचारायचंय.

मी इथल्या एका छोट्या प्रेसमध्ये बाइतो करते, म्हणजे अर्धवेळ काम, हे तुम्हाला माहीत आहे. आतापर्यंत दुकानांची पत्रकं मोजायची आणि गठ्ठे बांधायचे, एवढंच करत होते. पण आमचे मालक कुवाबारा-सान यांना स्टेशनसमोरच्या दुकानांच्या गल्लीने एक काम दिलंय. नव्वद वर्षांपूर्वी इथल्या सोया सॉसच्या कारखान्यातल्या कामगारांनी बेसबॉलची टीम काढली होती, गावातली पहिलीच. त्या नऊ खेळाडूंची रंगीत चित्रं जाड कार्डांवर छापायची. कार्ड आपल्या पत्त्याएवढं. ह्या उन्हाळ्यात गल्लीत काहीही विकत घेतलं की एक बंद पाकीट मिळणार, आत एक कार्ड. कुठलं ते फोडल्यावर कळणार. इथे लहानथोर सगळे अशी कार्डं जमवतात, एकमेकांशी बदलतात, सेट पुरा झाला की मिरवतात.

ठरलेल्या चित्रकाराचा खांदा ऐन वेळी आखडला. कुवाबारा-सान माझ्याकडे वळून म्हणाले, "स्वरूपा-सान, तुम्ही चित्रकला शिकलात ना?" मी हो म्हणून बसले. कोल्हापूरला डिप्लोमा केला, दोन वर्षं टूथपेस्टच्या खोक्यांवर काम केलं, आणि इथे आल्यापासून अकरा वर्षांत जुईच्या डब्यावर सशाचं तोंड काढलं. हे सगळं काही मी त्यांना सांगितलं नाही.

बाबा, आठ जण झाले. बरे झालेत, मला स्वतःलाच आश्चर्य वाटतंय. अडलंय ते नवव्यावर. सेइजी त्सुरुओका, टीमचा पिचर, म्हणजे आपला बोलर. पुढे लढाईवर गेला तो परत आलाच नाही. टीमचा एकच फोटो शिल्लक आहे आणि त्यात कसरीने नेमका ह्याचा चेहरा खाल्लाय. वर टोपी आहे, खाली गळा आहे, मध्ये भोक. घरातले बाकीचे फोटो लढाईत घराबरोबर जळले. त्याची धाकटी बहीण आहे, सत्त्याण्णव वर्षांची, इथून जवळ फुनाबोरीच्या वृद्धाश्रमात. तिला प्रेसने विचारलं तर म्हणाली, आठवत नाही. कुवाबारा-सान म्हणतात, पाठमोरा काढा.

सत्यजित सांगतो, ज्यांचा फोटोच नाही अशा माणसांचीही चित्रं तुम्ही काढून द्यायचात. कशी काढायचात, ते सांगाल का?

तुमची,
स्वरूपा


कराड,
२७ एप्रिल २०२५

स्वरूपा,

आशीर्वाद. जपानचं तिकीट बघून पोस्टमन पाकीट हातातून सोडेना. शेवटी त्याला चहा पाजला, तिकीट फाडून दिलं, तेव्हा तुझं पत्र मिळालं.

तुझ्या सासूने पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "पत्ते छापायच्या कारखान्यात आहे का ही? सत्यजितला ठाऊक आहे?" मी समजावलं, की हे तसले पत्ते नव्हेत, कारण नऊच आहेत. नऊ पानांत कुणी काय खेळणार? तरी तिने देवापुढे एक उदबत्ती जास्त लावली.

मला सध्या कामातून मान वर करायला फुरसत नाही. मारुतीच्या देवळाचा बोर्ड आहे, शाळेची एक भिंत आहे. फ्लेक्सवाल्यांनी आमचा धंदा खाल्ला असं लोक म्हणतात, पण जाणकार लोक अजून 'नरेंद्र आर्ट्स'चा पत्ता विचारत येतात. तरी तू विचारलंस म्हणून वेळ काढला.

पहिली गोष्ट, पाठमोरा काढायचा नाही. पाठमोरा माणूस कुणाचाही कुणीही असतो. बहिणीच्या हातात भावाची पाठ द्यायची म्हणजे तो निघून गेला तेव्हाचंच चित्र परत द्यायचं.

दुसरी गोष्ट, "तो कसा दिसायचा?" असं घरच्यांना कधीही विचारायचं नाही. असं विचारलं की माणूस गडबडतो, आठवत असतं तेही घालवून बसतो. "फार चांगला होता हो" म्हणतो आणि डोळे पुसतो. त्या "चांगला"चं नाक कसं काढायचं? त्याऐवजी विचारायचं, "घरात कुणाला म्हणायचे, की हा अगदी त्याच्यावर गेलाय?" मग बघ गंमत. एक म्हणतो कपाळ थोरल्याचं, दुसरी म्हणते छे, थोरला आईवर गेलाय, जिवणी बघा धाकटीची. भांडण पेटलं की आपण गुपचूप पेन्सिल काढायची. तासाभरात चेहरा तयार.

तिसरी गोष्ट म्हणजे आमच्या धंद्यातली खुबी आहे, आजवर कुणाला सांगितली नाही. कच्चं चित्र मुद्दाम जरा चुकीचं काढून दाखवायचं. ज्याला बरोबर काय ते सांगता येत नाही, त्यालाही चूक मात्र लगेच दिसते. "छे छे, असा नव्हता!" म्हणाला की समज, बाकीचं चित्र तोच सांगणार.

आणि कान विसरू नकोस. सगळे पेंटर कानाला कंटाळतात.

तो तुमचा बेसबॉल मी एकदा टीव्हीवर पाहिला. चेंडू मारायच्या आधी बराच वेळ सगळे नुसते उभे असतात. चित्र काढायला सोयीचा खेळ आहे.

बाबा


इचिकावा,
१४ मे २०२५

ती. बाबा,

तुमचं पत्र परवा आलं. आधी अक्षराबद्दल सांगते. काय अक्षर आहे तुमचं! एकेक वेलांटी मोजून मापून घातल्यासारखी. कुवाबारा-सान यांना नेऊन दाखवलं. त्यांना मराठीचं एक अक्षर येत नाही, पण भिंगातून पाच मिनिटं बघत होते. म्हणाले, "चाळीस वर्षं ब्रश धरलेला हात असा ओळखू येतो."

पत्रातला शब्दन् शब्द पटला. फक्त ते आठवडाभर उशिरा आलं. आता मी जे सांगणार आहे ते उभ्याने वाचू नका.

कच्ची चित्रं पाच मेपर्यंत द्यायची होती. चार तारखेला माझ्यापुढे आठ हसरे कामगार आणि एक कोरं कार्ड. पाठमोरा काढून पाहिला, तो रुसल्यासारखा दिसला. टोपी नाकापर्यंत ओढून पाहिली, तर चोर वाटला. मग सत्यजितच्या फोनमध्ये मला तुमचा तो जुना फोटो सापडला. दुकानाच्या उद्घाटनाचा, एकोणऐंशी सालचा. कानावर ब्रश खोचलाय, बोर्डाला टेकून उभे आहात, आणि समोर जो कोण आहे त्याला आत्ता काहीतरी सुनावणार असा चेहरा आहे. बाबा, तो चेहरा बोलरचा होता. मी काय करू?

ब्रश काढला, टोपी घातली. डोळे थोडे बदलले. थोडेच.

सत्यजितने चित्र पाहिलं आणि म्हणाला, "हा मस्त जमलाय. अगदी जपानी." स्वतःच्या वडलांना ओळखलं नाही त्याने! जुईने मात्र शाळेतून येऊन दप्तरसुद्धा न काढता विचारलं, "हे आजोबा का?" मी चित्र पालथं घातलं, तशी ओरडली, "उसो!" म्हणजे, काहीतरीच!

मला वाटलं होतं, कुवाबारा-सान म्हणतील, हा कोण? मग मी खरं काय ते सांगेन. पण ते चित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "नऊ जणांत हा एकच माणूस खरा वाटतो." मग सगळ्यांना बोलावून दाखवलं. त्यानंतर मला तोंड उघडता आलं नाही. माझं चित्र इतक्या लोकांनी उभं राहून बघितल्याला किती वर्षं झाली होती, ते मी तेव्हा मोजत होते.

आता पंधरा जूनला छापील नमुने सगळ्या खेळाडूंच्या घरी दाखवायचे आहेत. घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय इथे काही छापत नाहीत. फुनाबोरीला त्या आजींकडे मीच जायचंय. त्यांना आठवत नाही असं त्या म्हणाल्याच आहेत, तेव्हा बहुधा हो म्हणतील.

म्हणून मला वाटतं, की राहू द्यावं. तुम्हाला काय वाटतं?

स्वरूपा


कराड,
२८ मे २०२५

स्वरूपा,

सांगितलंस तसं बसून वाचलं. मग उठलो, आणि पुन्हा बसलो.

हे नाक मला माझ्या वडलांनी दिलंय. त्यांनाही ते त्यांच्या वडलांनी दिलं. पाच पिढ्यांत ह्या नाकाने कुठला चेंडू पाहिलेला नाही. ते तू नेऊन जपानच्या बोलरला लावलंस! तुझ्या सासूला सांगितलं तर ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "तरी बरं, छातीपर्यंतच चित्र आहे. पळायला लागलं असतं तर?"

दोन दिवस मला बरं वाटत होतं, हे खोटं कशाला बोलू? चौकात दोघातिघांना सांगितलंही, की जपानात आपला फोटो छापतायत. पण तिसऱ्या दिवशी चहा गोड लागेना. म्हणून आता एक गोष्ट सांगतो. ही मी सत्यजितलाही सांगितलेली नाही.

उंब्रजच्या बाजूला सुमन नावाची एक बाई होती. नवरा एसटीत ड्रायव्हर, अपघातात गेला. फोटो होता तो पाण्यात भिजून विरघळलेला. तेव्हा मी ऐन भरात, हाताला जोर, डोक्यात वारं. विचारपूस करायला कोण बसतो? स्टँडवरच्या हॉटेलवाल्याचा चेहरा घेतला, भरघोस मिश्या दिल्या, खाकी शर्ट घातला. मोठं झकास चित्र झालं. बाईने हात जोडले, एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, गहिवरली.

बारा वर्षांनी त्याच गावात शाळेचा बोर्ड करायला गेलो होतो. तिने घरी चहाला बोलावलं. चित्र भिंतीवर होतं, वर ताजा हार. ती म्हणाली, "पेंटर, एक विचारू? हे कोण आहेत?"

मी म्हटलं, "म्हणजे? तुमचे मालक."

"नाही हो," ती म्हणाली. "पण तुम्ही उन्हातून डोक्यावर घेऊन आला होता. म्हटलं, कशाला मन मोडा. रोज हार घालते यांना. आता सवयीचे झालेत."

ती रागावली असती तर मी पैसे परत देऊन सुटलो असतो. ती रागावली नाही. मी चहा तसाच ठेवून निघालो. माझ्यामुळे त्या बाईच्या घरात बारा वर्षं परका माणूस राहिला, आणि ज्याची जागा होती त्याला कुठेच जागा नव्हती. ती विचारायची रीत, चुकीचं चित्र दाखवायची खुबी, जे मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं, ते सगळं त्यानंतरचं आहे. त्यात हुशारी काही नाही. लाज आहे.

तेव्हा तू जा, आणि छापायच्या आधी त्या आजींना खरं सांग. त्या "हो" म्हणाल्या तरी सांग. सत्त्याण्णव वर्षांची बाई तुझं मन मोडायचं नाही म्हणून हो म्हणेल, आणि मग माझं नाक उशाशी घेऊन झोपेल. ते मला चालणार नाही.

काम गेलं तर जाऊ दे. मी तुझ्या मालकांना पत्र लिहीन.

बाबा

ता.क. स्वरूपा, मी आई लिहितेय. हे अंघोळीला गेलेत तोवर लिहिते आणि पाकीट चिकटवते. यांना काम नाही. मारुतीचा बोर्डही नाही, शाळेची भिंतही नाही. दीड वर्ष झालं, उजवा हात थरथरतो. ब्रश धरवत नाही, पेनही नाही. हे सांगतात आणि मी लिहिते. तू कौतुक केलंस ते अक्षर माझं आहे. त्या जपानी साहेबांनी चाळीस वर्षं ब्रश धरलेला हात ओळखला तोही माझाच. मी चाळीस वर्षं लाटणं धरलंय. तुझं पत्र आलं की हे दोन दिवस माणसांत असतात, म्हणून लिहीत राहा. मी सांगितलं असं दाखवू नकोस.


इचिकावा,
१७ जून २०२५

ती. बाबा,

काम गेलेलं नाही. आधी हे सांगते म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

तुमचं पत्र दहा तारखेला आलं. त्याच दिवशी कुवाबारा-सान यांना सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता टेबलावरचे कागद सरळ करत राहिले. इथे माणूस रागावला की असंच करतो, त्यामुळे मी मनातल्या मनात टेबल आवरायला घेतलं होतं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या सासऱ्यांनी काय सांगितलंय?" मी उंब्रजच्या सुमनबाईंची गोष्ट सांगितली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आपण दोघं जाऊ. नऊ नंबरचा नमुनाही घ्या. चुकीचं चित्र दाखवायचं असतं ना?"

फुनाबोरीच्या आश्रमात आजी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. नाव किकुए-सान. एवढ्याशा, पाठ वाकलेली, पण डोळे असे की आपलं काही लपत नाही. मी नमस्कार केला, आणि कार्ड दोन्ही हातांनी पुढे धरलं.

त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. लांब धरलं. पुन्हा जवळ नेलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "छापा."

अगदी तुम्ही लिहिलं होतं तसंच! कुवाबारा-सान माझ्याकडे बघायला लागले. मी खाली गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "आजी, माफ करा. हा तुमचा भाऊ नाही."

"ते मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण तू किती मेहनत केलीस. हा कोण आहे?"

"माझे सासरे. भारतात कराड नावाचं गाव आहे, तिथे पेंटर आहेत. बेसबॉल त्यांनी एकदाच पाहिलाय, टीव्हीवर. त्यांना आवडला नाही."

बाबा, किकुए-सान आधी खांद्यांनी हसल्या, मग आवाजाने, मग इतक्या हसल्या की सेविका धावत आली. तिलाही कार्ड दाखवून म्हणाल्या, "बघ, हा कराडचा पिचर!" आणि मग हसता हसताच म्हणाल्या, "असं नाक आमच्या घरात असतं तर आईने त्यावर कपडे वाळत घातले असते. सेइजीचं नाक बसकं होतं."

मी पेन्सिल काढली नाही. अजून नाही. तुमचा प्रश्न विचारला. "घरात कुणाला म्हणायचे, अगदी सेइजीवर गेलाय?"

"कुणाला कुठे? आम्ही दोघंच भावंडं."

"मग तुम्हाला कधी कुणी—"

त्या खिडकीकडे वळल्या. म्हणाल्या, "आई ओरडायची मला. 'मुलीच्या जातीला भावाचं तोंड घेऊन आलीस, कोण करणार तुला?' म्हणायची. रोज." आणि मग हात उचलून त्यांनी स्वतःच्या गालाला लावला. तसाच ठेवला.

सेविकेने आरसा आणला. किकुए-सान एका हातात आरसा धरून सांगत होत्या, मी समोर बसून काढत होते. सुरकुत्या मी काढून टाकत होते, केस काळे करत होते. "हनुवटी ही अशीच, पण रुंद. कान माझ्यापेक्षा मोठे, डावा जरा बाहेर आलेला. भुवई इथे तुटलेली, चेंडू लागला होता." कुवाबारा-सान मागून म्हणाले, "चेहरा जरा गंभीर ठेवा." त्या फटकन म्हणाल्या, "गंभीर? तो? पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, तरी तोंड उघडं टाकून हसायचा. दात काढ."

मी दात काढले.

चित्र समोर धरलं तेव्हा त्या हसल्या नाहीत आणि रडल्याही नाहीत. त्याच्याकडे बघून नुसतं म्हणाल्या, "ओकाएरी." कुणी बाहेरून घरी आलं की घरातलं माणूस म्हणतं ते. आलास का, अशा अर्थी.

 परत इचिकावाला आल्यावर कुवाबारा-सान एवढंच म्हणाले, की कार्डाच्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव छापतात. स्पेलिंग लिहून द्या.

तुम्ही होतात म्हणून झालं. आणि बाबा, पत्रं कुणीही लिहून काढलेली असोत, अक्षर फार सुंदर आहे.

स्वरूपा


कराड,
२ जुलै २०२५

स्वरूपा,

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं आणि मग स्वयंपाकघरात गेलो. तुझी सासू भाजी निवडत होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "हो, मीच सांगितलं. काय करणार आहात?" काही करण्यासारखं नव्हतं. भाजी निवडू लागलो.

हे पत्र मी स्वतः लिहितोय. सकाळी सुरू केलं, आता दुपार झाली. लागलं तर वाच, नाहीतर जुईला दे. लहान मुलांना असलं अक्षर वाचायची सवय असते.

हात गेला तेव्हा वाटलं, आता आपण उरलो कशाला. तू विचारलंस तेव्हा कळलं की गेलाय तो फक्त हात. कुणाला काय विचारायचं ते अजून ठाऊक आहे. शेजारच्या यतीनच्या पोरीला, सुमेधाला, चित्रकलेचं वेड आहे. कालपासून तिला बसवतोय. पहिला धडा कानाचा. वैतागली आहे.

माझं नाक वाळत घालायच्या दोरीला जोडलं, हे त्या आजींनी बरं केलं. माझा नमस्कार सांग त्यांना.

एक मात्र विचारायचं राहिलंय तुझं. तो बोलर कसा होता? पेंटरने हेही विचारायला हवं.

बाबा


इचिकावा,
१० ऑगस्ट २०२५

ती. बाबा,

तुमचं अक्षर मीच वाचलं, जुईला दिलं नाही. फक्त "वैतागली"वर अडले होते.

कार्डं निघाली. सात जुलैपासून गल्लीत नुसता धुमाकूळ आहे. लोक एकेक बटाटा वेगळा विकत घेतायत, पाकिटं जास्त मिळावीत म्हणून. कार्डाच्या मागे कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझं नाव आहे. सत्यजितने एक कार्ड ऑफिसच्या आयकार्डामागे घालून ठेवलंय आणि तोयोसूला लिफ्टमध्ये भेटेल त्याला दाखवतोय. ते वडलांचं नाही, ह्याचं त्याला जरा वाईट वाटतं.

पण मागच्या आठवड्यात वृद्धाश्रमातून प्रेसला फोन आला. तक्रार होती. आश्रमातले सगळे म्हातारे-म्हाताऱ्या कार्डं जमवतायत, आणि कुणाचाच सेट पुरा होत नाही, कारण नऊ नंबर कुणाकडेच नाही. कुवाबारा-सान यांनी मला पाठवलं.

किकुए-सान यांच्या उशीखाली अकरा सेइजी होते! बाकीचे आठ खेळाडू देऊन देऊन त्यांनी आश्रमातला प्रत्येक नऊ नंबर उचलला होता. मिठाई देऊनही. एका आजोबांना तर त्यांनी टीव्हीसमोरची स्वतःची जागा महिनाभरासाठी दिली होती.

मी म्हटलं, "आजी, लोक रागावलेत."

"रागावू देत," त्या म्हणाल्या. "मला पंधरा वर्षंच भाऊ मिळाला. आता थोडे दिवस अकरा असू देत."

मग त्यांनीच तोडगा काढला. ज्याला नऊ नंबर हवाय त्याने त्यांच्या शेजारी येऊन बसायचं आणि सेइजीची एक गोष्ट ऐकायची. पूर्ण. मध्ये उठायचं नाही. गोष्ट झाली की कार्ड. सध्या खिडकीशी रांग असते. मीही बसले, कारण तुमचा प्रश्न होता. म्हटलं, "तो पिचर कसा होता, ते सांगा."

शेजारच्या गावाशी मोठी मॅच होती. किकुए-सान सात वर्षांच्या, कुंपणाबाहेर उभ्या. गर्दीत त्यांची एक लाकडी चप्पल गटारात पडली आणि त्या भोकाड पसरून रडायला लागल्या. सेइजी चेंडू टाकायच्या तयारीत होता. त्याने ते ऐकलं, चेंडू तिथेच मातीत ठेवला, मैदान ओलांडून आला, आणि पांढऱ्या कपड्यांनिशी गटारात उतरला. मागे पलीकडची माणसं धावतायत, एक घरी पोचला, म्हणजे एक रन झाला, मग दुसरा पोचला, आपली टीम ओरडतेय, कारखान्याचा मुकादम टोपी आपटतोय. ह्याने चप्पल शोधली, शर्टाला पुसली, बहिणीच्या पायात घातली, आणि म्हणाला, "रडू नकोस. पुढची मॅच आपण जिंकू."

मी विचारलं, "जिंकले का?"

"छे," किकुए-सान म्हणाल्या. "पुढचीही हरले. त्याच्या पुढचीही. गटार नव्हतं तेव्हासुद्धा हरायचे. फार वाईट पिचर होता गं तो. चेंडू कुठे जाईल ते त्यालाही माहीत नसायचं."

माझ्या हातात कार्ड होतं. मी ते उलटं केलं. मागे कुवाबारा-सान यांनी ठळक छापलंय: 'ज्याच्या चेंडूपुढे कुणाची डाळ शिजली नाही असा अजिंक्य वीर.'

मी म्हटलं, "आजी, दुसऱ्यांदा छापणार आहेत. हे बदलायला सांगू का?"

त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, मागचा मजकूर चष्मा लावून सावकाश वाचला, मग पालटून त्या उघड्या तोंडाने हसणाऱ्या, दातावर दात चढलेल्या चेहऱ्याकडे बघितलं.

"चेहरा खरा आहे ना?" त्या म्हणाल्या. "मग मॅच जिंकू दे त्याला."

मी काही बदललं नाही.

तुमची,
स्वरूपा